पतंगाच्या कागदाची पट्टी

१६ जानेवारी, शुक्रवार

वारा अजिबात नसताना दार आपटतं कसं?

उत्तरायण, म्हणजे इकडची गुजरातेतली संक्रांत, होऊन दोन दिवस झाले. गच्चीच्या तारेला अडकलेले पतंग आज निपचित लोंबत होते, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि तरी न्हाणीघराचं दार धाडकन बंद झालं! आमची नात सानवी दचकून उठली, रडू लागली. "अहो, वाऱ्याने दार आपटलं," निरुपमा स्वयंपाकघरातून ओरडली. मी म्हटलं, वाऱ्याने नव्हे, तुझ्या फोडणीने.

कारण असं. थंडीमुळे घराच्या सगळ्या खिडक्या बंद. निरुपमाने फोडणीच्या धुरासाठी भिंतीतला पंखा लावला. पंखा हवा बाहेर फेकतो. घरातली हवा किंचित विरळ होते, आणि ती उणीव भरून काढायला बाहेरची हवा मिळेल त्या वाटेने आत धावते. आमच्याकडे ती वाट म्हणजे न्हाणीघराची उघडी जाळी. तिथून निघालेला झोत वाटेतलं दार ओढून घेतो.

"तुमचं फिजिक्स राहू द्या, दाराला अडकण लावा." पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, घरी ही एकच विद्यार्थिनी नापास!

शर्वरी मात्र हातातला खिमटीचा चमचा तसाच धरून म्हणाली, "बाबा, माझी गाडी याच तत्त्वावर चालते."

आमची सून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. तिची 'गाडी' म्हणजे फिरती प्रयोगशाळा. साथ येण्याआधी सज्ज ठेवायची आणि आली की थेट त्या गावात नेऊन उभी करायची. ही कल्पनाच किती सुंदर! आज नमुना गावातून शहरात येतो, रांगेत थांबतो, अहवाल परत जातो. तोवर रोग पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. नमुन्याने प्रवास करण्याऐवजी प्रयोगशाळेनेच करावा!

१७ जानेवारी

पाणीगेटहून वसुंधरेचा फोन. निरुपमाची धाकटी बहीण. बोलते इतक्या मोठ्याने की फोनची तशी गरज नाही. "आठ महिन्यांचं लेकरू घरात, आणि ही रोगाच्या पेटीत जाऊन बसणार? तू सासू आहेस की पाहुणी?"

दुपारी निरुपमाने विषय काढलाच. "महिनाअखेर ठरव. कचेरीतली जागा माग, नाहीतर नोकरी सोड. सानवीला काही झालं तर मी कोणाला विचारू?" तिची भीती खोटी नाही, हे मला कबूल करावंच लागेल. सोहम रिफायनरीच्या पाळीला निघालेला. "बघू ना, आई," म्हणाला आणि बूट घालत बसला. चिरंजीव!

शर्वरी चिडली नाही. "आई, गुरुवारी डभोईला आमची रंगीत तालीम आहे. तुम्ही या. बघा. मग बोलू."

१९ जानेवारी

हरणीच्या मैदानात गाडी उभी आहे. पाहून आलो. लहान मुलासारखा आनंद झाला, तो इथे लिहायला हरकत नाही.

बाहेरून साधी बस. आत दोन खोल्या. पहिलीत कपडे बदलायचे, दुसरीत नमुने उघडायचे. मधे दोन दारं, आणि दोन्ही एकाच वेळी उघडतच नाहीत! आतल्या खोलीतली हवा एक पंखा सतत ओढून घेतो आणि जंतू अडवणाऱ्या गाळणीतून बाहेर सोडतो. म्हणजे हवा नेहमी बाहेरून आत. दूषित हवा फटीतून बाहेर कधीच नाही. आमच्या न्हाणीघराचंच दार, फक्त सुशिक्षित.

भिंतीवर दाब दाखवणारं यंत्र आहेच. तरीही शर्वरीने दाराच्या फटीवर गुलाबी पट्टी चिकटवलेली. फाटक्या पतंगाच्या कागदाची! पट्टी आत झुकलेली. "यंत्र बिघडू शकतं, बाबा. कागदाला बिघडायला येत नाही."

तिचा सहकारी कुशल हसून म्हणाला, "काका, आमच्या शर्वरीबेन रोज सकाळी पट्टीला नमस्कार करतात, मगच आत जातात."

२१ जानेवारी

निरुपमा उद्या येते म्हणाली. "तुमच्या सुनेची पेटी बघायला." म्हणजे आजपासून ती फक्त माझी सून.

२२ जानेवारी, गुरुवार

डभोई. तालमीचे नमुने म्हणजे नुसतं रंगीत पाणी, पण बाकी सगळं खऱ्यासारखं. अधिकारी खुर्च्यांवर, चहा फिरतोय. निरुपमा पदर घट्ट धरून गाडीच्या बाहेरच्या खिडकीशी. तिथून ती पट्टी दिसते. मी तिला काय बघायचं ते समजावून ठेवलं होतं. या वेळी तिने ऐकून घेतलं.

मग ठरल्याप्रमाणे बाहेरची वीज तोडली. आता जनरेटरने भार उचलायचा. उचललाही, पण मधल्या काही क्षणांत पंखा थांबला आणि पट्टी सरळ खाली लोंबली.

मला वाटतं, पाहिलं ते तिघांनीच. मी, निरुपमा आणि आतून शर्वरी.

शर्वरीने हात वर केला. तालीम थांबली. सगळे नमुने बंद, मंडळी बाहेर. मोठे साहेब उठून आले. "बेन, बे मिनिटनी वात छे. चलावी लो ने!" दोन मिनिटांची गोष्ट, चालवून घ्या म्हणे. कोणीतरी मागून म्हणालं, "रंगीत पाण्याला कसली साथ लागणार?" हशा पिकला.

शर्वरी शांतपणे गुजरातीत म्हणाली, साहेब, आज पाणी आहे म्हणूनच थांबवते. खरा नमुना असता तर थांबवायला उशीर झालेला असता. पंख्याला स्वतःची बॅटरी मिळेपर्यंत ही गाडी तयार आहे असं मी म्हणणार नाही.

तालीम फसली असं लोक म्हणतील. माझ्या मते आज ती खऱ्या अर्थाने पार पडली! तालीम करायची ती चूक सापडावी म्हणून. टाळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे.

परतताना निरुपमा म्हणाली—

"सगळ्यांसमोर थांबवलं तिने."

"हो."

"एवढ्या मोठ्या साहेबांचंही ऐकलं नाही."

"नाही."

"घरात तरी कुठे कोणाचं ऐकते!"

पण म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं.

२७ जानेवारी

पंख्याला बॅटरी बसली. शर्वरीने स्वतः वीज तोडून पाहिली. पट्टी झुकलेलीच राहिली.

३० जानेवारी, शुक्रवार

महिनाअखेर. विषय निघण्याआधीच फोन आला. डभोईपलीकडच्या एका गावात एकाच आळीत अनेकांना ताप, धाप. कारण कळेना. गाडी निघायची.

शर्वरी निरुपमाकडे पाहत उभी राहिली. निरुपमा सानवीला भरवत होती. उठली, डबा भरला, वर थेपल्यांची पुरचुंडी ठेवली. "कुशललाही दे. हडकुळा आहे."

३१ जानेवारी

शर्वरीचा फोन. गाडीत तपासणी झाली, अहवाल त्याच दिवशी हाती! फ्लूचाच एक प्रकार. औषध सुरू, आजारी माणसं वेगळी. आळीबाहेर अजून गेलेला नाही. इतक्या वेगाचं काय वर्णन करावं! मी दोनदा म्हटलं, "शाब्बास." निरुपमाने विचारलं, "जेवलीस का?"

१ फेब्रुवारी, रविवार

शर्वरी आली आणि फाटकाबाहेरच थांबली. "आई, सानवीला आत न्या." गाडीत काहीच झालं नव्हतं. बाहेर ओट्यावर एक म्हातारी चक्कर येऊन पडत होती. तिला सावरताना शर्वरीचा मास्क सरकला, आणि म्हातारी खोकली. आता घसा खवखवतोय. नमुना दिला आहे. अहवाल येईपर्यंत वेगळं राहायचं. "मी कुशलच्या क्वार्टरवर जाते, ती रिकामी आहे."

वसुंधरेचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं! निरुपमा सानवीला कडेवर घेऊन दारात उभी. मग म्हणाली, "स्वतःचं घर असताना? मागच्या दाराने ये. मागची खोली आहे."

२ फेब्रुवारी

सकाळी चहाला उठलो तर निरुपमा मागच्या खोलीच्या बोटभर उघड्या दाराशी. आत त्या खोलीला जोडलेल्या न्हाणीघराचा पंखा घरघरतोय. तिच्या चिमटीत गुलाबी पट्टी, आत झुकलेली. आतून शर्वरी खोकली आणि मग हसली. निरुपमाच्या खांद्याशी फोन, पलीकडे अर्थात वसुंधरा.

"नाही गं, कुठे पाठवायची नाही आणि काही सोडायचं नाही. तू आधी एक कर. खोलीच्या खिडक्या लाव, न्हाणीघराचा पंखा लाव, खोलीचं दार बोटभर उघडं ठेव. पतंगाचा कागद नसेल तर कसलाही पातळ कागद घे, पट्टी काप, फटीशी धर. कुठे वळते ते बघ. आणि मग मला सांग, आमच्या शर्वरीने नोकरी सोडावी का!"