खारे बांगडे न पाठवण्याबद्दल

लालबाग, रविवार

ती. रखमाआत्येस सुशांतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझी मांजर, दोन्ही बरी असावीत. फोनवर तू मला दुसरे वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून लिहून कळवतो.

बाबांचे पोट पुन्हा भरले आहे. (हातपाय काटक्या झालेत, त्यामुळे पोट दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे दिसते.) दारू त्यांनी सोडली, पण लिव्हरला ते कळायला उशीर झाला. ते आता निबर झाले आहे आणि पोटात पाणी साचते. डॉक्टर सुई घालून ते काढतात. रंग थेट लिंबू सरबताचा. (मी सरबत सोडले आहे.) शेजारच्या चंपाकाकूंना यातले काही ठाऊक नाही. जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "रघूभावजी, तब्येत सुधारली हो!" बाबांनी पोटावरून हात फिरवला. "भरती इली हा, वैनी." काकू खूप हसल्या. आईने दार लावून घेतले.

पाणी वाढू नये म्हणून मीठ बंद आहे. आईने मिठाची बरणी देवांच्या मागे लपवली. जन्मात कधी हात न जोडलेले बाबा सकाळ-संध्याकाळ देव्हाऱ्यापुढे दिसू लागले. आम्हाला वाटले, आजारपणात माणूस श्रद्धाळू होतो.

अशात तुझे पार्सल आले. वर कोकम, खाली खारे बांगडे. डॉक्टरांनी मासे चालतील म्हटले ते ताजे आणि अळणी. तुला तसे सांगितले, तर तू म्हणालीस, "अरे मेल्या, पोटातला पाणी सुकवूक सुकाच व्हया!" आत्या, बांगडा पाणी शोषत नाही गं. त्यातले मीठ पाणी धरून ठेवते. बाबांनी ते पलंगाखाली लपवून खाल्ले (मजल्यावरच्या मांजरांना आमच्याआधी कळले) आणि आठवड्यात लुंगीची गाठ बसेनाशी झाली. मी ओरडलो, तर म्हणाले, "बहिणीन धाडलेला काय टाकूचा?"

तेव्हा हात जोडून विनंती, बांगडे पाठवू नकोस. वरून कोकम घालूनही नाही.

तुझा भाचा,
सुशांत

ता. क. हे पत्र टाकायचे राहिले. आज बुधवार. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले होते. मी विचारले, मीठ अजून किती कमी करायचे? म्हणाले, "आता मागतील ते द्या." मी पुन्हा विचारले. पहिल्या वेळीच नीट ऐकू आले होते, तरी.

पुन्हा ता. क. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून आपल्या वाडीतला वैभव आज तुला आणायला गावी येतोय, त्याच्याच हाती पत्र देतो. त्याच्याबरोबर लगेच निघ. बाबा तुझी वाट बघतात. येताना बांगडे आण. लपवून आणायची गरज नाही.