पहिल्या तुकड्यावर जोर

३ जानेवारी १९५७, नागभीड
शेतकी प्रदर्शनाला मोठे साहेब येणार. मूळचे कलकत्त्याकडचे, मराठी येत नाही. स्वागताचं इंग्लिश भाषण माझ्याकडे. साहेब खूश झाले की नव्या हायस्कूलात इंग्लिशचा मास्तर मीच. हेडमास्तरांनी शब्द दिलाय. म्हणजे, 'पाहू' म्हणाले.

५ जानेवारी
लांब शब्दांवर उपाय सापडला. लाकडासारखे फोडायचे, पहिल्या तुकड्यावर जोर. ॲग्-री-कल्-चर. फो-टो-ग्राफ. चूक होणं अशक्य. डोमाला ऐकवलं. डोमा गणित शिकवतो, माझा जुना दोस्त. म्हणाला, "भाऊ, असं तं साहेबबी बोलत नाई." कदर आहे माणसाला.

९ जानेवारी
डिक्शनरीने दगा दिला. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर. फोटोग्राफर झाला की 'टॉ'वर. फोटोग्राफिक म्हटलं की 'ग्रा'वर. एकाच घरातले शब्द, आणि हे वागणं! छपाईची चूक असावी. माझा नियम कायम. उद्या पहाटे उठून सराव.

१० जानेवारी
थंडी फार. सराव संध्याकाळी. डोमा रोज ऐकायला येतो. आता त्यालाही भाषण पाठ झालंय.

१४ जानेवारी
लिहवत नाही.
प्रत्येक शब्द फोडला. ॲड्-मि-निस्-ट्रे-शनला टेबल हललं. साहेब मान डोलवत होते. संपल्यावर हेडमास्तरांना म्हणाले, गोंडी भाषा फारच जोमदार आहे, आता कोणी इंग्लिशमध्ये अर्थ सांगेल का?
डोमा उठला. माझंच भाषण, शब्दन् शब्द. जोर सगळे भलत्याच ठिकाणी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.
नंतर मंडपामागे गाठला. येत होतं तर आधी बोलला का नाहीस, म्हणून विचारलं.
"तुमी इचारलं कधी, भाऊ? तुमी तं नुसतं ऐकवून राह्यले होते."
अस्तनीतला निखारा.

२ फेब्रुवारी
हायस्कूलच्या नेमणुका आल्या. इंग्लिश: डोमा. मला त्याचं गणित. साहेबांचे कान तपासायला हवेत. डोमाशी आजपासून बोलणं बंद. कायमचं. अन्नपूर्णेलाही बजावलं, त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. तिने ऐकून घेतलं. बायको तरी माझ्या बाजूची आहे.

४ फेब्रुवारी
त्रैराशिक वर्गात फळ्यावरच अडलं. तब्येत बरी नसल्याचं सांगून घरी आलो.
ओसरीवर डोमा बसलेला, गणिताचं पुस्तक उघडून. मी अन्नपूर्णेकडे पाहिलं.
"मीच बलावलं त्याले," ती म्हणाली. "उद्या पोरायले काय सांगान?"
घरातूनच दगा. अबोला मोडला नाही. मान हलवूनच 'समजलं' म्हणत होतो.
समजलं नव्हतं. शेवटी विचारावं लागलं.