तिसरी भाकरी

आई, तुझ्या खाणावळीच्या वरच्या खोलीत आता इथिओपियाहून आलेली एक मुलगी राहते. विद्यापीठात संशोधन करते. मराठी ती भाजीवाल्या बायकांकडून शिकली, त्यामुळे जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला गेले तरी उत्तर येतं, "काकू, बसा की ओ." ती आली त्याच आठवड्यात शेजारीण चौकशीला हजर. "परदेशी पोरगी ठेवलीसा म्हणं. काय काय शिजवत्यात, आमच्याकडं वास येतोय." मी म्हटलं, "तुमच्या सुकटीचा वास मी तीस वर्षं घेतेय, कधी बोलले का?" त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. फार सुखाचा गेला तो महिना. अजूनही लोक विचारतात, या वयात परक्या पोरीशी तुमचं कसं जमतं? जणू आपल्या माणसांशी माझं फार जमत होतं. संध्याकाळी ती कॉफीच्या बिया तव्यावर भाजते, मी शेंगा सोलते, आणि आम्ही दोघी मिळून जगाला नावं ठेवतो. आमच्या तांबड्या रश्श्याला ती 'जरा सौम्य' म्हणाली होती, तेवढं मात्र मी विसरलेले नाही.

परवा रविवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात तिच्याकडचं जेवण केलं. परातीएवढी मऊ, आंबट आंबोळी, तिच्यावर लालभडक कोंबडी. एकाच ताटात जेवायला बसलो. तिने एक तुकडा तोडला, त्यात कोंबडी गुंडाळली आणि घास थेट माझ्या तोंडासमोर धरला. मी म्हटलं, "मला हात आहेत." तिचा चेहरा उतरला, पण हात खाली गेला नाही. म्हणाली, "काकू, आमच्यात आपल्या माणसाला असाच घास देतात. नको म्हटलं की लई लागतंय." मी तोंड उघडलं. लगेच दुसरा घास आला, मग तिसरा, आणि मला तुझी तिसरी भाकरी आठवली.

तुझ्या खाणावळीचा तो नियमच होता. दोन भाकऱ्या ताटात, तिसरी तू स्वतः तव्यावरून घेऊन यायचीस आणि समोरचा नको नको म्हणत असताना वाढायचीस. केनियाहून शिकायला आलेला तो विद्यार्थी भिंतीजवळच्या पाटावर बसायचा. तुला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. मधे मी, कॉन्व्हेंटचा गणवेश घातलेली, नाक वर केलेली. तू चुलीपुढून ओरडतेस, "एवढी कॉन्व्हेंटात जातीस न्हवं? मग इचार की त्याला, पोट भरलं का." मी विचारते. तो हसतो आणि तिसरी भाकरी खातो.

दिवाळीत खाणावळ बंद असायची. त्या वर्षी तू म्हणालीस, "त्या पोराला सांग, पहिल्या आंघोळीला हितंच यायचं. घर सोडून आलंय, एकटं कुठं जेवंल?" नेमक्या त्याच दिवशी माझ्या शाळेतल्या मैत्रिणी फराळाला येणार होत्या. आई खाणावळ चालवते हेच मी त्यांना जेमतेम सांगितलं होतं, त्यात हा पाहुणा. खाणावळ बंद झाली त्याच संध्याकाळी मी त्याला जाऊन सांगितलं, आई आजारी आहे, आठवडाभर येऊ नकोस. तू त्याच्यासाठी पाट मांडलास. करंज्या झाकून ठेवल्यास. दुपार टळेपर्यंत दाराकडे बघत होतीस, मग झाकण काढून म्हणालीस, "गरिबाघरचं नको असंल त्याला." मी लाडू खात होते.

सुट्टी संपून तो आला, तेव्हा तू दोन भाकऱ्या वाढल्यास आणि आत गेलीस. तो ताटावर बसून राहिला, चुलीकडे बघत. तिसरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने त्याने जेवणाची दुसरी सोय केली. त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशी मुलांचा विषय निघाला की तू म्हणायचीस, "जीव लावून काय उपेग न्हाय." मी तोंड मिटून बसायचे. एरवी ते मला कधी जमलेलं नाही.

हे सगळं मी आज त्या मुलीला सांगितलं. तिने कॉफीचा तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "मला सांगून काय करताय, काकू? आईला सांगा की." तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली हे तिला ठाऊक आहे. तरी तिने वही आणून पुढ्यात ठेवली आणि पलीकडे कांदा चिरत बसली. ती आहे म्हणून लिहिते आहे. एकटी असते तर उठून दुसरं काम काढलं असतं. लिहून झालं की हे पान तुझ्या चटणीच्या बरणीखाली सरकवीन. दुसरं कुठे पाठवणार?

त्याला तुझ्या घरचं नकोसं झालं नव्हतं, आई. तू आजारी आहेस असं ऐकल्यावर तो दुसऱ्या दिवशी, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, माझ्या शाळेच्या फाटकाशी आला होता. हातात पिशवी होती. "आईला दे," म्हणाला, "आणि कशी आहे ते सांग." चार मोसंबी होती. मी ती मैत्रिणींबरोबर मैदानातच सोलून खाल्ली. गोड होती.