झाकणावरचा शेंदूर

धाड, २ ऑक्टोबर १९६४

प्रिय सहदेव,

आशीर्वाद आहेतच, आधी कामाचं. तुझ्या वडिलांनी मोटार विकायची ठरवली. खामगावचे एक कापसाचे जिनवाले रविवारी बघायला येणार होते. "जाते तिथं उभी राह्यते, इकून टाकतो," एवढंच त्यांचं म्हणणं. रंगरावांचा मुलगा ग्रीसचे हात घेऊन फिरणार नाही, असं म्हणून त्यांनी तुला घराबाहेर काढलं आणि तू पुण्याच्या कारखान्यात गेलास, तेव्हापासून मोटारीबद्दल ते याहून जास्त बोललेले नाहीत.

मोटारीचं दुखणं गेल्या दसऱ्यापासूनचं. घरून झकास निघते, काही मैल गेल्यावर आचके देते आणि बंद पडते. वाहेद मिस्त्रीनं दोनदा कार्बोरेटर धुतला, पंपाचा पडदा बदलला, नळ्या फुंकून पाहिल्या. कुठेच कचरा नाही. आपला ड्रायव्हर कडूबा तर स्टिअरिंगला लिंबू बांधून मोकळा झाला. "बाई, इले नजर लागली." मी म्हटलं, नजर घरासमोर का लागत नाही रे, नेमकी माळावरच कशी लागते?

काल मीच त्याच्या शेजारी बसून निघाले. बुलढाण्याच्या वाटेवर मोटारीनं मान टाकली. कडूबानं नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण काढून काठी घातली. पेट्रोल अर्धी टाकी होतं. झाकण लावलं, स्टार्टर दाबला, तर सुरू! पुढे पुन्हा तेच. या खेपेस मी त्याला काठी घालू दिली नाही, नुसतं झाकण सैल करायला लावलं. टाकीनं सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन चालू झालं.

पेट्रोल बाहेर जायचं तर तितकी हवा आत यायला हवी. कॉलेजात मी हे पुस्तकातून शिकले होते; पण त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं, हे तू शाळेत असताना मला दाखवलं होतंस. त्या भोकात तेलात कालवलेला शेंदूर वाळून दगड झाला होता. केसातल्या आकड्यानं कोरून काढला. घरी येईपर्यंत मोटार एकदाही थांबली नाही.

दसऱ्याला मोटारीची पूजा तू करायचास, बॉनेटवर एक बोट कुंकू लावून. तुझे वडील त्याला हसायचे. मग हा शेंदूर कोणाचा? कडूबाला दरडावलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "गेल्या दसऱ्याले मालकानं सोताच केली पूजा. मले हात नाही लावू देल्ला. चाकाले, दाराले, झाकनाले, समद्याले फासला. म्हने, पोरगा करे तशी झाली पाह्यजे."

संध्याकाळी जेवताना मी त्यांना एवढंच सांगितलं की दोष निघाला. घास हातातच राहिला. "सहदेवानं कळवलं काय?" तू गेल्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मी म्हटलं, नाही, आता मी त्याला कळवणार आहे. ते उठून हात धुवायला गेले. आज सकाळी जिनवाल्यांकडे माणूस पाठवून त्यांनी विक्री मोडली.

दोष कुठे होता, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही आणि मी सांगणारही नाही. दसऱ्याला तू ये. ते तुला बोलावणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. म्हणून मी बोलावते आहे. पूजा तू कर. शेंदराची वाटी पुन्हा त्यांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

वाट पाहणारी, तुझीच
आई