दोष माझ्यात आहे

अकोला, ८ जुलै १९३८

ती. अक्कास,
धाकट्या उद्धवचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या मळ्यातली वांगी पोचली. भाऊजींचा खोकला थांबला का?

डॉक्टरीणबाईंनी माणिकला तपासलं. तिच्यात काहीच दोष नाही. मग डॉक्टरांनी मला तपासलं. मूल न होण्याचं कारण मी आहे, आणि त्यावर औषध नाही.

आई मात्र माणिकलाच काढे पाजते. माझ्यासाठी तिने अंजनगावची दुसरी मुलगी पाहिली आहे. रविवारी पाहुणे येतील. मी दोनदा आईपुढे बसलो, पण पावसापाण्याचं बोलून उठलो.

माणिक म्हणते, "तुमी सांगू नका. लोक तुमाले हसतील. मले तं सवय झाली."

अक्का, रविवारच्या आत ये आणि तूच आईला सांग. नाहीतर मी होकार देऊन बसेन.

तुझा,
उद्धव