गरम पाण्याचं गाव

आई,

मी जपानला चालले आहे. हे नाव तुझ्या कानावर कधी पडलं असेल असं वाटत नाही. मेंढरांमागे फिरलेलं तुझं जग पूर्वेला आटपाडीच्या बाजारात संपायचं आणि पश्चिमेला कोकणात, समुद्राच्या जरा अलीकडे. माझी मुलगी आता तिकडे असते. तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती, तुझ्या गळ्यातले मणी धरून उभी राहायला बघायची आणि तू मान पुढे करून तिला धरू द्यायचीस. आता ती ओसाका नावाच्या शहरात, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिकडे गेल्यापासून मागे लागली आहे की तुम्ही दोघं या. मी शाळेतून रिटायर झाले आणि हे एसटीतून, तेव्हा सबबी संपल्या. सांगलीतल्याच एका एजंटाकडून व्हिसाचं काम झालं. बाकी सगळं शहर वगैरे ती दाखवणारच आहे, पण मधले तीन दिवस तिने वेगळे काढले आहेत, एका गरम पाण्याच्या गावासाठी.

त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. तिने फोटो पाठवले आहेत. गावाच्या मधून एक अरुंद नदी जाते, तिच्यावर लहान लहान दगडी पूल आहेत, काठाने झाडं पाण्यावर वाकलेली. जमिनीतून गरम पाणी निघतं, ते गावातल्या मोठमोठ्या स्नानघरांत सोडलेलं असतं. लोक लॉजवर सामान टाकतात, लॉजवालेच सुती झगे देतात, ते घालून पायात लाकडी खडावा अडकवायच्या आणि या स्नानघरातून त्या स्नानघरात दिवसभर हिंडायचं. म्हातारे, तरणे, सगळे. रस्त्यावर झगे घालून फिरायचं याचं ह्यांना भलतंच नवल वाटलं. "म्हणजे अख्खं गाव आंघोळीला निघालेलं असतं?" म्हणाले. मी म्हटलं, तसंच दिसतंय. तर म्हणाले, "पाण्यात बसायला एवढं लांब? कृष्णामाईला काय झालंय?" पण त्यांचाच उत्साह जास्त आहे. जन्मभर एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस, जपानी गाड्यांची वेळापत्रकं मोबाईलवर बघत बसतो आणि मधेच मला हाक मारून विचारतो, "अगं, ही गाडी रोजच वेळेवर सुटते म्हणजे काय?"

तिथली रीत मुलीने मला फोनवर समजावली. पाण्यात उतरण्याआधी बाजूला छोट्या स्टुलावर बसायचं, घमेल्यासारखं भांडं असतं त्याने अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावायचा, स्वच्छ धुवायचं. मग हौदात उतरायचं ते फक्त बसायला. हौदात साबण नाही, पंचा नाही, पोहणं नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. हे सगळं ती भराभरा सांगत होती, आणि मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई, कपडे घालून उतरत नाहीत. अंगावर काहीच नसतं. सगळ्याच तशा असतात, कुणाला काही वाटत नाही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच पुढे म्हणाली, "पण तू काळजी करू नको. लॉजवर एक वेगळी खोली मिळते, तिथे आपलं आपल्यापुरतं कुंड असतं. मी ती घेऊन ठेवलीय. तू एकटीच जा आत. दार लावून."

ती असं का म्हणाली हे तुला सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू काढली. तुझाच आजार, आई. फरक एवढाच की तुझा आम्हाला कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि माझा मला हाताला लागला तेव्हा तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता. दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना घेऊन मिरजेला गेले. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या लवकर कशा काय आलात बाई? आपल्याकडे बायका लपवून ठेवतात." मी म्हटलं, "माझ्या आईने लपवलं होतं." मुलगी तेव्हा नुकती तिकडे नोकरीला लागली होती. ती निघालीच होती, मीच नको म्हटलं. तिने मला त्यानंतर भेटीगाठीत पाहिलं ते साडी नेसलेलं, पदर घेतलेलं. ते तसंच राहिलं.

तुझा दिवस मला स्वच्छ आठवतो. तू गावाकडून आलेली आहेस, अंगात बारीक ताप, डावा हात वर होत नाही. तुला वाटतंय चमक भरलीय. आमचं ते भाड्याचं घर, दोन खोल्या, मोरी स्वयंपाकघरातच, पुढे एक पडदा ओढायचा. तू मोरीत बसलीयस, अंगावर ओलं लुगडं तसंच, आणि मी पाठ चोळायला आत आले तर म्हणतेस, "पाठ तेवढी चोळ. म्होरं येऊ नगंस." मी चोळतेय. पाणी ओतायला तांब्या उचलते आणि तुझा पदर खांद्यावरून घसरतो. मी बघितलं. ती जागा दगडासारखी झाली होती, वरची कातडी सोलवटून गेलेली. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कवापासनं हाय हे?" मी विचारलं.

"हाय की लय दिसांचं. दुखत न्हाई."

"आगं मग सांगायचं न्हाईस?"

"कुनाला दावायचं?" तू म्हणालीस. "गावात डागदर बाप्या. आन हितं जावयाचं घर. गप पानी वत."

मी तेव्हा तुझ्यावर ओरडले. पडद्यापलीकडे हे चहा पीत बसले होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून तू ओल्या हाताने माझं तोंड दाबलंस. त्या हाताला मेंढ्यांचा वास कधीच गेला नव्हता, साबण लावला तरी.

त्यानंतरच्या महिन्यांत मी रोज तुला आंघोळ घातली. मिरजेच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. शाळा सकाळची होती, मी दुपारी यायची, पाणी तापवायची, तू मोरीत पाटावर बसायचीस. एकदा सगळं दिसून गेल्यावर तुझी लाजही सरली, पडदाही आपण नीट ओढेनासे झालो. मी गरम पाणी ओतायची आणि तू डोळे मिटून बोलायचीस. जन्मभर कमी बोलणारी बाई तू, मला आत्याकडे कोरेगावला शाळेसाठी ठेवायला आलीस तेव्हासुद्धा एवढंच म्हणालीस, "रडायचं न्हाई. रडलीस तर मेंढरामागं न्हेन," आणि मागे न बघता निघून गेलीस. पण त्या मोरीत तू बोललीस. तेव्हा मला कोकणातल्या त्या पाण्याचं कळलं.

दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचात. मी शाळेत असायची, त्यामुळे ते तुझं आयुष्य मी कधी पाहिलंच नाही. तू सांगितलंस की लग्न होऊन आलीस त्याच वर्षी, संगमेश्वराच्या बाजूला कुठेतरी, रानात गरम पाण्याचं कुंड होतं. कोकणातले लोक त्याला उन्हाळं म्हणतात. बापये मेंढरांकडे गेले होते. बरोबरच्या सगळ्या बायका, तुझी सासूसुद्धा, तिकडे निघाल्या. "आमी माणातल्या. न्हायाचं म्हंजे एक घागर, तीबी दोघीत. आन हितं पानी भसाभसा भुईतनं वर येतंय, वर तापलेलं. लाकूड न्हाई, फाटा न्हाई." लुगडी दगडावर टाकली आणि सगळ्या उतरल्या. मी विचारलं, "उघड्याच?" तर तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस, हसलीस. "मग? लुगडं भिजवून काय करायचं, दुसरं कुटं हुतं? म्हातारी सासूबी तशीच. तिच्या अंगावर भाजल्याचा ह्यो एवढा डाग. कुनी बघितलं न्हाई. गळ्यापत्तूर पान्यात बसल्यावर कोन कुनाचं बघतंय?" संध्याकाळ होईपर्यंत कुणी वर यायला तयार नव्हत्या म्हणालीस. पोरं काठावर रडत होती तरी.

मी तुला शाळेतल्या बाईसारखी विचारणारी, म्हटलं, मग तेव्हा लाज वाटली नाही आणि आता कशी वाटली? तू डोळे मिटलेस आणि पाठ पुढे केलीस. उत्तर मला नंतर, माझं मलाच सापडलं. रानातल्या तुझ्या कुठल्याच गोष्टीत लाज नव्हती. मेंढरं विकून माळावर घर बांधलंत, मुलगी शिकली, नोकरदार जावई मिळाला, दोन खोल्यांना पडदा आला, तेव्हापासून तू पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागलीस. आम्ही सुधारलो आणि त्या सुधारणेत तू अंग चोरायला शिकलीस. याचा मला कुणावर राग धरता येत नाही. ह्यांच्यावर तर नाहीच. शेवटी तुला उचलून रिक्षात बसवायचे ते हेच.

तर ती वेगळी खोली. मुलीने घेऊन ठेवली म्हटल्यावर मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मिरजेला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं की गरम पाण्यात बसलं तर चालेल का. तिथे आता बाई डॉक्टर आहेत, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. म्हणाल्या, "बसा की. फार वेळ नको, फार कढत नको, आणि डावा हात पाण्याबाहेर काठावर ठेवा, त्याला सूज यायला नको." मग सहज विचारलं, "जोडीला कोण आहे?" मी म्हटलं, मुलगी. तर लिहिता लिहिता म्हणाल्या, "तिची तपासणी करून घेतलीत का कधी? आजी, तुम्ही, म्हणजे तिनंही बघत राहायला हवं." मी म्हटलं, सांगते तिला. येताना बसमध्ये ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं.

तिला मी हे कसं सांगणार होते? फोनवर? तपासून घे गं, असं? तुझी गाठ मी पाहिली म्हणून माझी मला हाताला लागली. नुसतं ऐकून मी ती शोधली असती का, माहीत नाही. मी चार दिवस घोळवत राहिले आणि रविवारी तिचा फोन आला तेव्हा, ती खाण्यापिण्याचं विचारत होती, मासे कच्चे देतात, बाबांना चालेल का, तेव्हा मधेच म्हणाले, "ती वेगळी खोली राहू दे. आपण दोघी मोठ्या हौदात जाऊ. बायकांच्या."

 

"नक्की?" ती म्हणाली.

"नक्की. डॉक्टरनी चालेल म्हटलंय. हात तेवढा बाहेर ठेवायचा."

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, "ती खोली मी तुझ्यासाठी नव्हती घेतली. तू आत एकटी गेली असतीस तर मला बाहेर थांबता आलं असतं. मला बघवेल की नाही माहीत नाही. तेव्हा मी आले नव्हते ना. आणि तिथं सगळ्यांच्या देखत मला रडू आलं तर?"

"आलं तर रड," मी म्हटलं. "पाण्यात कुणाला कळतंय?"

ती हसली, म्हणजे आधी नाक ओढलं आणि मग हसली. मग मी तिला डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, तिच्या कंपनीत दरवर्षी तपासणी असते, ती त्याच्या फॉर्ममधलं हे एक पान दरवेळी सोडून देत होती. यंदा नाही सोडणार म्हणाली. बाबांना फोन दे म्हणाली. ह्यांनी फोन घेतल्या घेतल्या विचारलं की पुरुषांच्या हौदातही तसंच असतं का. असतं म्हणाली बहुतेक, कारण हे म्हणाले, "मग मी बाहेर बाकावर बसतो. तुम्ही या निवांत." पण रात्री जेवताना स्वतःच म्हणाले, एकदा बघायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. बॅगा अर्ध्या भरल्या आहेत. लोकरीचे कपडे तिथल्या थंडीला पुरतील की नाही याची चर्चा रोज होते. तुझ्या हातची घोंगडी न्यायची होती, ह्यांनी वजन बघून बाहेर काढली.

आई, मुलीशी मी मोठ्या धीराने बोलले. ह्यांनाही वाटतंय की मी आता सगळ्यातून बाहेर आले. म्हणून फक्त तुला सांगते. आमच्या न्हाणीघरात आरसा आहे, छातीपर्यंतचा. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यावर टॉवेल टाकूनच आंघोळ करते. आज सकाळी काढणार होते. टॉवेलाला हात लावला, आणि तसाच राहू दिला. उद्या बघते.