माकडांची रीत

आई, पाया पडते.

थायलंडच्या या बेटावर माझं बरं चाललंय. ताप येऊन गेला, आबांना सांगू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

माकडांच्या रीती अभ्यासायला पिंपळनेरहून निघाले, तेव्हा तू हसलीस, “माकडंसले कसानी रीत?” अगं, इथल्या काही माकडांना दगडाने शिंपले फोडता येतात. शेजारच्या बेटावर दगड-शिंपले असेच, पण तिथल्या एकाही माकडाला ते येत नाही. म्हणजे ही रीतच, एकमेकांचं पाहून आलेली.

मी पाहते त्या टोळीत फोडणारी एकच म्हातारी उरली होती. ती मेली, तेव्हा मी रडले. काल तिच्या लेकीने दगड उचलला. कितीदा बोटांवर आपटला, पण शेवटी शिंपला फोडलाच!

आज मीही तुझे हात आठवून तांदळाची भाकरी थापणार आहे. मोडली तरी खाईन.

तुझी पुनम